आमची उमेदवारी

'उमेदवार' हा शब्द कानीं पडतांच हल्लीं लोकांच्या डोळ्यांपुढें निवडणूक उभी राहते. हात जोडलेला, हंसर्‍या मुद्रेचा एक गृहस्थ चौकांतील फलकावरून आपणांकडे पाहत असतो. वाचकांनीं भिऊं नये. आम्ही मतें मागण्यास आलों नाहीं. आमच्या आजोबांच्या काळीं 'उमेदवारी करणें' म्हणजे एखादा धंदा शिकण्यासाठीं जाणत्या माणसाच्या हाताखालीं, बिनपगारी किंवा नाममात्र वेतनावर, कांहीं दिवस काढणें. त्याच गोष्टीस आजचीं मुलें 'इंटर्नशिप' म्हणतात. नांव बदललें, तरी चहा सांगून येण्याचें काम मात्र बदललेलें नाहीं, हें आम्ही स्वानुभवानें सांगूं शकतों.

आमची उमेदवारी नाटकें, नृत्यें, गायनाचे जलसे इत्यादींच्या जाहिराती रंगविण्याची होती. ह्या कामाकडे आम्ही कसे वळलों हें सांगावयाचें तर ह्याच शाळेंत मागें जावें लागेल. येथील फळ्यावर आम्हीं दोन वर्षें रोजचा सुविचार लिहिला. एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या दोन्ही शासकीय रेखाकला परीक्षा येथूनच दिल्या. रंगभूमीनें मात्र आम्हांस फारशी दाद दिली नाहीं. नाताळच्या नाटिकेंत एकदां आम्ही खजुराचें झाड झालों होतों. संवाद नव्हता, फांद्या वर धरून अर्धा तास उभें राहावयाचें होतें. कार्यक्रमपत्रिकेंत मेंढपाळांचीं नांवें होतीं, देवदूतांचीं होतीं, आणि शेवटीं 'व इतर' असे दोन शब्द होते. त्या 'इतरां'त आम्ही होतों. पुढील वर्षीं आम्हांस झाड होण्याऐवजीं पडद्यावर झाड रंगविण्यास सांगण्यांत आलें. तेव्हांपासून नाट्यकलेशीं आमचा संबंध कुंचल्याच्या बाजूनेंच राहिला.

पुढें उपयोजित कलेचें शिक्षण घेतांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेणें आवश्यक झालें, आणि एका स्नेह्याच्या ओळखीनें न्हावा शेवा येथें जागा मिळाली. मित्रांनीं थट्टा केली. न्हावा शेवा म्हणजे बंदर. तेथें बोटी येतात, नाटक कंपन्या नव्हेत, असें त्यांचें म्हणणें. आम्हांसहि मनांतून तसेंच वाटत होतें.

पहिल्या दिवशीं आम्ही नेरूळ येथें उरणच्या गाडींत बसलों. ही लोहवाट १२ जानेवारी २०२४ रोजीं उरणपर्यंत पोंचली, आणि शिवडीहून समुद्र ओलांडून न्हावा शेव्याकडे येणार्‍या, सुमारें २२ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचें उद्घाटनहि त्याच दिवशीं झालें. खिडकीबाहेर खाडी, खारफुटी, चिखलांत एका पायावर उभे असलेले बगळे, आणि मग एकाएकीं लोखंडी कंटेनरांच्या भिंती: तांबडे, निळे, हिरवे, एकावर एक रचलेले. येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. वीस फुटी मापानें मोजल्यास आतां वर्षाकाठीं साठ लाखांहून अधिक कंटेनरांची चढउतार येथें होते. किनार्‍यावरून पाहिलें तर समोर घारापुरीचें बेट दिसतें. तेथील लेण्यांत, सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेला नृत्यमग्न शिव आहे. जेथें असा नट शेजारी राहतो, तेथें नाटकाला जागा नाहीं असें कसें म्हणावें, असा विचार करून आम्हीं मनाचें समाधान केलें.

आमचें गुरुगृह म्हणजे बंदराच्या वाटेवरील एका इमारतीचा तळमजल्याचा गाळा. मागें छपाईचें यंत्र, पुढें दोन संगणक, आणि मधल्या जागेंत फ्लेक्सच्या गुंडाळ्या. पोट भरण्याचा धंदा बंदराच्या कामाचा: 'वाहन सावकाश चालवा' अशा पाट्या, गोदामांचे नामफलक, वाहतूकदारांचीं पावतीपुस्तकें. परंतु मालकांस नाटकाचा नाद होता. आसपासच्या गांवांतील हौशी नाट्यमंडळें, भजनी मंडळें, एकांकिका करणारे विद्यार्थी ह्या सर्वांचीं पोस्टरें ते जवळजवळ कागदाच्या किंमतींत करून देत. त्यांस सगळे 'काका' म्हणत. आम्हीहि म्हणूं लागलों.

पहिल्याच दिवशीं काकांनीं विचारलें, "पोस्टर कशासाठीं असतें?"

आम्हीं महाविद्यालयांतील टिपणांतून उत्तर दिलें. त्यांत 'सौंदर्यानुभव' हा शब्द दोनदां आला.

काका म्हणाले, "रस्त्यानें जाणार्‍या माणसाला पांच गोष्टी सांगण्यासाठीं. कोण, काय, कोठें, केव्हां, आणि कितीला. पांच ककार. ते बसल्यावर जागा उरली तर तुझें सौंदर्य घाल."

पुढील दोन आठवडे आम्ही ह्या पांच ककारांची बाराखडी गिरवीत होतों. संगणकाच्या पडद्यावर झळकणारा निळा रंग कागदावर उतरतांच मलूल होतो, कारण पडदा प्रकाशानें रंग दाखवितो आणि यंत्र शाईनें. म्हणून रंग पडद्यावर पाहून ठरवूं नये, नमुना छापून पाहावा. कागदाच्या चारी कडांबाहेर तीन मिलिमीटर रंग अधिक सोडावा, नाहींतर कापतांना पांढरी किनार राहते. दहा फुटांवरून वाचावयाचें अक्षर निदान एक इंच उंच असावें, हा धंद्यांतील ढोबळ नियम. रोमन लिपीच्या मानानें देवनागरीस दोन ओळींमध्यें अंतर अधिक द्यावें लागतें, कारण आमच्या अक्षरांच्या डोक्यावर मात्रा, रफार व अनुस्वार असतात आणि पायाशीं उकार. ओळी दाटल्या कीं वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटींत अडकतो. जुन्या संगणकावर टंकलेला मजकूर नव्या पद्धतीच्या टंकांत आणला तर कधीं रफार गळतो, कधीं जोडाक्षर फुटतें. आणि 'वर्षा' नांवाच्या गायिकेचें पोस्टरवर 'वषा' होतें. यंत्राला त्याची लाज वाटत नाहीं. ती आपणांस वाटावी लागते.

एके दुपारीं काकांनीं आम्हांस रस्त्याच्या कडेस नेलें व थांबलेल्या ट्रेलरवरील कंटेनराकडे बोट दाखवून म्हटलें, "वाच."

आम्हीं वाचलें. चार रोमन अक्षरें आणि सात अंक.

"जगांतलें सर्वांत प्रामाणिक पोस्टर तें हेंच," काका म्हणाले, आणि त्यांनीं त्याचा अर्थ समजावून दिला. पहिलीं तीन अक्षरें मालकाचीं, चौथें प्रकाराचें. पुढील सहा अंक म्हणजे त्या कंटेनराचा स्वतःचा क्रमांक. आणि सातवा अंक पडताळणीचा. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठीं त्याची रीत येथें देतों. प्रत्येक अक्षरास ठराविक किंमत असते. पहिल्या स्थानावरील किंमतीस १ नें, दुसर्‍या स्थानावरील किंमतीस २ नें, मग ४ नें, ८ नें, असें दुप्पट होत जाणार्‍या संख्यांनीं गुणावयाचें. सर्वांची बेरीज करून ११ नें भागावयाचें. राहील ती बाकी म्हणजे शेवटचा अंक. बाकी १० आली तर शून्य लिहितात. कोणा कारकुनाच्या हातून एखादा अंक चुकला तर हिशेब बहुधा जुळत नाहीं, आणि चूक तेथल्या तेथें सांपडते. म्हणूनच लाखों कंटेनर जगभर फिरूनहि आपापल्या धन्याकडे पोंचतात.

"आपल्या पोस्टरावर असला सातवा अंक नसतो," काका परततांना म्हणाले. "तेथें पडताळा माणसानेंच पाहावयाचा."

आम्हीं मान डोलावली. मान डोलावणें हें उमेदवारींतील सर्वांत सोपें काम आहे.

गाळ्याच्या एका भिंतीवर वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जुन्या जाहिराती चिकटविलेल्या होत्या. विष्णुदास भावे यांनीं ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तो मराठी रंगभूमीचा जन्मदिवस मानतात. वाशींतील नाट्यगृहास त्यांचेंच नांव आहे. त्या रंगभूमीला वर्तमानपत्राच्या पानावर स्वतःचीं अक्षरें मिळवून देणार्‍यांत कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचें स्थान फार वरचें. त्यांनीं शेंकडों नाटकांचीं नांवें हातानें रेखाटलीं. ऐतिहासिक नाटकाचें नांव वेगळ्या वळणाचें, विनोदी नाटकाचें वेगळें. अक्षर पाहतांच नाटकाची जात कळावी. त्या भिंतीसमोर आम्ही रोज डबा खात असूं, आणि आपणहि एक दिवस असें कांहींतरी करूं, असे मनोराज्य पोळीच्या प्रत्येक घांसाबरोबर रचीत असूं.

तो दिवस लौकरच आला. तिसर्‍या आठवड्यांत एका सायंकाळच्या कार्यक्रमाचें पोस्टर काकांनीं सर्वस्वीं आमच्यावर सोंपविलें. कार्यक्रमाचे तीन भाग होते: आरंभीं धवले, मग गांवच्या तरुणांचें कोळीनृत्य, आणि शेवटीं मुंबईहून येणार्‍या मंडळीची एकांकिका. धवले म्हणजे ह्या भागांतील आगरी समाजाचीं लग्नगीतें. तीं गाणारी ती धवलारीण. लग्नांतील विधींस तिचें गाणें लागतें. तिच्यापाशीं वही नाहीं, पुस्तक नाहीं, सारें मुखोद्गत.

आम्ही दोन रात्री जागलों. एकांकिकेंतील मुख्य नट दूरचित्रवाणीच्या मालिकांतून दिसणारा होता. त्याचें छायाचित्र मोठें घातलें, आणि त्याच्या नांवांतील प्रत्येक वेलांटी तीनदां तपासली. नृत्यमंडळाचें नांव समुद्राच्या लाटेसारखें वळविलें. धवल्यांसाठीं माहितीजालावरून एका कोळणीचें चित्र उतरून घेतलें, डोक्यावर मासळीची टोपली असलेलें, आणि खालीं लिहिलें: 'पारंपरिक धवले – स्थानिक महिला व इतर'. काका त्या दिवशीं बंदरावरच्या कामांत गुंतले होते. त्यांनीं दारांतूनच विचारलें, "पांच ककार पाहिलेस?" आम्हीं "हो" म्हटलें. दोनशें प्रति छापल्या. त्यांतील ऐंशीं त्याच संध्याकाळीं गांवोगांव गेल्या.

दुसर्‍या दिवशीं कलावंतांस एकेक प्रत नेऊन देण्यास आम्ही स्वतः निघालों. आपल्या हातचें पहिलें पोस्टर. तें दुसर्‍याच्या हातीं देण्याचा आनंद आम्हांस दवडावयाचा नव्हता. बंदरासाठीं शेवा येथील वस्ती उठवावी लागली, आणि त्या विस्थापनांतून नवीन शेवा, हनुमान कोळीवाडा अशीं गांवें उभीं राहिलीं. अशाच एका वस्तींत धवलारीण आजींचें घर होतें. आजी ओटीवर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांस वाचतां येत नव्हतें. त्यांनीं नातीस हांक मारली. पांचवीसहावींतील ती मुलगी ओटीवर पोस्टर पसरून, वर्गांत धडा वाचावा तशी, मोठ्यानें वाचूं लागली. तारीख वाचली, वेळ वाचली, सभागृह वाचलें, नटाचें नांव वाचलें, तिकिटाचा दर वाचला, अगदीं तळाशीं असलेला दूरध्वनि क्रमांकहि वाचला. मग ती थांबली. पुन्हा वरून खालपर्यंत तिनें बोट फिरविलें.

"दादा, आजीचं नाव कुठं आहे?"

आम्ही गप्प.

"आणि ही बाई कोण?" तिनें कोळणीच्या चित्रावर बोट ठेवलें.

आजी सुपांतून डोकें वर न काढतां म्हणाल्या, "र्‍हाऊं दे ग. लगनान तरी माजा नाव कोन इचारतं? धवलारीन आली, यवराच म्हनतान लोक."

त्या रागावल्या असत्या तर बरें झालें असतें. त्यांनीं आम्हांस चहा दिला. तो चहा आम्हांस कसा लागला हें लिहिण्याची आमची इच्छा नाहीं.

गाळ्यांत परत येऊन आम्हीं आयोजकांनीं दिलेला कागद काढला. तो दोन्ही अंगांनीं लिहिलेला होता. मागच्या बाजूस, निळ्या शाईनें, आजींचें व त्यांच्या दोघी साथीदारणींचें नांव स्वच्छ लिहिलें होतें. आम्हीं कागद उलटलाच नव्हता. परंतु खरें सांगावयाचें तर चूक इतकी लहान नव्हती. नटाचें नांव कागदावर नसतें तर आम्हीं दूरध्वनि करून विचारलें असतें. धवलारणीचें नांव नाहीं हें आमच्या ध्यानांतच आलें नाहीं, कारण लोकगीताला गाणारा असतो, त्या गाणार्‍याला नांव असतें, हें आमच्या मनांतच नव्हतें. पांच ककारांतील पहिलाच ककार आम्ही विसरलों होतों.

आम्हीं काकांस सर्व सांगितलें. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "मराठींतली पहिली कवयित्री कोण?"

हा प्रश्न शाळेंतल्या परीक्षेचा. आम्हीं ताबडतोब उत्तर दिलें, "महदंबा."

"तिनें काय रचलें?"

"धव–" म्हणतां म्हणतां शब्द आमच्या घशांतच अडकला. धवळे.

"तेराव्या शतकांतली बाई," काका म्हणाले. "तींहि लग्नाचींच गाणीं, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचीं. सातशें वर्षें झालीं, तरी तिचें नांव तुला पाठ आहे, कारण कोणीतरी तें लिहून ठेवलें. आतां सांग, समोरच्या घारापुरींतला शिव कोणीं घडविला?"

आम्हांस ठाऊक नव्हतें. कोणासच ठाऊक नाहीं.

पुन्हा छापावें तर खर्च कोणावर घालणार? काकांचा नफा तर कागदावरच संपलेला. आम्हीं एकशेंवीस प्रति टेबलावर घेतल्या, काळा रंग आणि चपटा कुंचला काढला, आणि 'धवले' ह्या शब्दाखालील 'स्थानिक महिला व इतर' ह्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवून तीन नांवें हातानें लिहूं लागलों. आमचे चित्रकलेचे गुरुजी म्हणत, रेघ ओढतांना श्वास रोखूं नये, सोडावा. त्यांचें तें सांगणें त्या रात्रीं कामास आलें. पहिल्या वीस प्रतींवर अक्षर थरथरलें. पन्नासाव्या प्रतीनंतर तें आमचें झालें. शंभराव्या प्रतीनंतर तें आमचें राहिलें नाहीं, त्या तिघींचें झालें. दुसर्‍या दिवशीं पिशवींत रंग घेऊन आम्ही वाटलेलीं ऐंशीं पोस्टरें शोधीत हिंडलों: जासई, करळ, उरणचें बसस्थानक, रिक्षांचे थांबे, वाण्यांच्या दुकानांच्या भिंती. त्रेपन्न सांपडलीं. सत्तावीस सांपडलीं नाहींत. कोठें त्यांवर दुसरा कागद चिकटला, कोठें वार्‍यानें फाटलीं, कोठें गेलीं तें कळलें नाहीं. आणि टोपलीवाली परकी बाई तर सर्वच प्रतींवर तशीच राहिली. कांहीं चुका दुरुस्त होतात, कांहीं नुसत्या कमी होतात, हें आम्हीं त्या दिवशीं शिकलों.

कार्यक्रमाच्या सायंकाळीं निवेदकानें आमच्या पोस्टरावरून तिघींचीं नांवें वाचलीं. आजी रंगमंचावर आल्या, बसल्या, आणि कसलेंहि वाद्य न घेतां त्यांनीं गाणें सुरू केलें. मागच्या रांगांतील स्त्रिया आपोआप मागून म्हणूं लागल्या. गाण्यांत देवांना, पितरांना लग्नाचें आवतण होतें; एकेकाचें नांव घेऊन. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आम्हांस हळूच म्हणाले, "आतां घेतलं ना, तो आमच्या जुन्या गांवच्या वेशीवरचा देव." तें गांव आतां बंदराखालीं गेलें आहे. त्या देवाचें नांव कोठल्याहि फलकावर नाहीं. तें आजींच्या गाण्यांत आहे. ज्या बाईचें नांव आम्ही दोन ओळींत विसरलों, तिनें उठलेल्या गांवाचीं नांवें इतकीं वर्षें जिभेवर जपलीं होतीं.

तें नांव तरी ह्या लेखांत कां नाहीं, असें चाणाक्ष विद्यार्थी विचारतील. विचारावेंच. लेख लिहिण्यापूर्वीं आम्ही आजींकडे गेलों व परवानगी मागितली. भिंतीवर, दिनदर्शिकेच्या शेजारीं, आमचें पोस्टर होतें. कोळणीच्या चित्रावर नातीनें रंगीत कागदाचें फूल चिकटवून टाकलें होतें. आजींनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "गान्याखाली माजा नाव लिव. तुज्या चुकीखाली कशाला?"

ह्यापुढें बोलण्यासारखें कांहीं नव्हतें.

आमची उमेदवारी तीन महिन्यांनीं संपली. तींत आम्ही रंग, टंक, कागदाचीं मापें असें पुष्कळ शिकलों. परंतु तें पुस्तकांतूनहि शिकतां येतें. कागद उलटून पाहणें हें मात्र तेथेंच शिकलों. विद्यार्थी मित्रांनो, लौकरच तुमचें स्नेहसंमेलन येईल आणि कार्यक्रमपत्रिका लिहिण्याचें काम तुमच्यापैकीं कोणाकडे तरी येईल. पडदा ओढणारा, पेटी वाहून आणणारा, वेशभूषेच्या टांचण्या तोंडांत धरून उभी असलेली, ह्या सर्वांचीं नांवें विचारून घ्या आणि त्यांच्या वेलांट्या तपासा. जागा पुरणार नाहीं असें कोणी म्हणेल. अक्षर थोडें लहान करा. आणि नाटिकेंत एखादें खजुराचें झाड असेल, तर त्याचेंहि नांव घाला. त्या झाडाच्या वतीनें आम्ही हें आवर्जून सांगतों.